खिडकीखालचे बुटके ट्युलिप

डाउवेंची मुलगी फ्राउक्ये न्यूझीलंडहून दरवर्षी मार्चमध्ये यायची आणि ट्युलिप फुलायच्या आत परत जायची. तिथल्या डेअरीतून तिला रजा मिळायची ती तेव्हाच. आई गेल्यापासून तर ती येताना एकच विचारायची, "बाबा, फुलं आलीत का हो?"

म्हणून यंदा डाउवेंनी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बुटक्या, लवकर फुलणाऱ्या जातीचे कंद लावले. पण फेब्रुवारीतच ऊन पडलं आणि कळ्या लाल दिसू लागल्या. घाबरून त्यांनी मासळीवाल्याकडून बर्फ आणून वाफ्यात पसरला. वासानं गल्लीतली सगळी मांजरं जमली.

"फुलं लावलीस की बाजार मांडलास रे?" शेजारची हिल्के कुंपणावरून ओरडली.

"फ्राउक्ये येईस्तोवर थोपवायचीत गं!"

थोपली. इतकी, की पुढे खरी थंडी आली आणि फ्राउक्ये आली तेव्हा कळ्या मुठी आवळून बसलेल्या. आता डाउवेंनी हेअर ड्रायर काढला. फ्राउक्येनं खिडकीतून पाहिलं, तर बाप वाफ्यात गुडघे टेकून कळ्यांना गरम वारा घालतोय आणि हिल्के वर छत्री धरून उभी.

"बाबा, आत या! सर्दी होईल!"

"मला होऊ दे. यांना नको."

"जवळ नेऊ नकोस, भाजतील!" हिल्के म्हणाली. तेवढ्यात फ्यूज उडाला आणि आत सूप अर्धंकच्चं राहिलं. ते तिघांनी तसंच खाल्लं. कळ्या मात्र ढिम्म.

जायचा दिवस उजाडला. डाउवेंनी कंदांचा एक झुबका मातीसकट उपटून सूपाच्या पातेल्यात बसवला.

"हे कुठं घेऊन चाललात?"

"तुला सोडायला. रस्त्यात फुलले तर फुलले."

"विमानात माती नाही नेऊ देत हो."

"तू नको नेऊस. बघ फक्त."

दोघं हेरेनफेन स्टेशनवर विमानतळाकडं जाणाऱ्या आगगाडीत बसले. डबा उबदार होता. आदल्या रात्री फ्राउक्येला झोप लागली नव्हती. तिनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिचा डोळा लागला. लहानपणी ती अशीच झोपायची, तोंड किंचित उघडं टाकून. डाउवे हलेनात. थोड्या वेळानं मांडीवरच्या पातेल्यात एक पाकळी सैल झाली, मग दुसरी. बघता बघता वीतभर उंचीची लालभडक फुलं टक्क उघडली. समोरच्या बाई म्हणाल्या, "अहो, उठवा ना तिला!"

"उठवतो," डाउवे हळूच म्हणाले. हात उचलला, आणि परत पातेल्यावर ठेवला. स्किपोल विमानतळाची घोषणा झाली. माणसं बॅगा ओढत उतरली. दारं लागली.

फ्राउक्येनं डोळे उघडले ते थेट फुलांतच.

"बाबा! फुलली! मला उठवायचं नाही का?"

"उठवणारच होतो."

बाहेर पुढच्या स्टेशनची, लायडनची पाटी सरकत थांबली. फ्राउक्ये ताडकन उभी राहिली. "स्किपोल कुठंय?"

"मागं राहिलं," डाउवे पातेलं सावरत म्हणाले. "उद्याही तिथंच असेल."