पाचवं मत

जागतिक पोते-शर्यत महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक मिथुन भालेराव भिवंडीत, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून हरला. बाहेरच्या खोलीत वायफाय नीट येत नव्हतं म्हणून स्वयंपाकघर. आणि वार शुक्रवार, कारण शुक्रवारी शेजारचे कापडाचे लूम बंद असतात. एरवी त्या खडखडाटात जग सोडा, समोरचा माणूससुद्धा ऐकू येत नाही. मतदान शुक्रवारीच ठेवा, असा हट्ट त्याने धरला होता आणि बाकीच्या आठ देशांनी तो बिनतक्रार मानला होता.

मिथुन कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर. रिकामी पोती हाताशी असल्यामुळे तो आधी तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या आणि, मीटिंगला दुसरं कोणी येतच नसल्यामुळे, शेवटी देशाच्या पोते-शर्यत संघटनेचा सचिव झाला होता. महासंघात देश नऊ, मतं नऊ. उमेदवार दोन: एक मिथुन आणि दुसऱ्या एस्टोनियाच्या लीनाबाई. बाई वयस्क, हसऱ्या, मीटिंगभर लोकरीचे मोजे विणत बसायच्या.

मतदान गुप्त होतं. मोबाइलवर दोन नावं आली. मिथुनचं बोट स्वतःच्या नावापर्यंत गेलं आणि तिथेच अडलं. तो मूळचा दिघाशी गावचा. तिथे मंडळाच्या अध्यक्षपदाला दोघं उभे राहिले, की प्रत्येकाने समोरच्यासाठी हात वर करायचा, अशी रीत. स्वतःसाठी हात वर करणाऱ्याची पुढे प्रत्येक हळदीत टिंगल होते. त्यातून आई, शेवंताबाई, समोरच लसूण सोलत बसलेली. आईच्या देखत स्वतःलाच मत द्यायचं? त्याने डोळे मिटून लीनाबाईंचं नाव दाबलं.

निकाल लागला. लीनाबाई पाच, मिथुन चार.

"एका मतानं?" बायको सोनल पोळी तव्यावर तशीच ठेवून वळली. "अहो, तुम्ही स्वतःला दिलंत ना?"

"हे काय विचारणं झालं?" मिथुन म्हणाला.

हे उत्तर नव्हतं, पण पोळी करपत असल्यामुळे सोनलने ते उत्तर म्हणून घेतलं.

प्रकरण तिथेच संपलं असतं. पण कोपऱ्यावर राकेशने आदल्या रात्रीच 'विश्वाध्यक्ष मिथुनभाऊ' असा बॅनर लावला होता. राकेश वॉर्डाचा भावी नगरसेवक. गेली बरीच वर्षं भावीच. बॅनर उतरवण्याऐवजी त्याने खाली 'एका मताने घात!' अशी पट्टी चिकटवली आणि फोटो सगळीकडे पाठवला. त्या दिवशी देशात विशेष काही घडलं नव्हतं. संध्याकाळी एका राष्ट्रीय वाहिनीने तो फोटो उचलला.

"भारत के साथ धोखा! वो पाँचवाँ वोट किसका?" निवेदक ओरडत होता. चर्चेला एक माजी राजदूत होते, एक संरक्षणतज्ज्ञ होते आणि लहानपणी पोत्यात पडलेले एक गृहस्थ होते. संरक्षणतज्ज्ञांनी नकाशावर लाल बाण काढले. सगळे बाण फिरून भिवंडीवर आले. लीनाबाईंच्या विणकामाच्या सुया दोनदा मोठ्या करून दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी सरकार जागं झालं. अशी काही संघटना देशात आहे, हे संबंधित खात्याला त्याच सकाळी कळलं होतं; दुपारपर्यंत ती देशाची शान झाली. प्रवक्ते म्हणाले, "भारताच्या मताबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. प्रश्न उरलेल्या आठ मतांचा आहे." आठही देशांना निषेधाचे खलिते गेले.

पाचवं मत मिथुनचंच होतं. हे बाहेर आलं तर भिवंडीत तोंड दाखवता येणार नव्हतं, गोदामातही नाही. दुसऱ्या कोणी शोधून काढण्याआधी आपणच कबूल करून टाकायचं त्याने ठरवलं. वाहिनीची बातमीदार प्राजक्ता घरी आली, तेव्हा त्याने कॅमेऱ्यासमोर हात जोडले.

"मॅडम, कोणाला दोष देऊ नका. चूक माझी आहे."

"वा! सर, परत एकदा. या वेळी डोळ्यांत थोडं पाणी आणता येईल?"

रात्री पडद्यावर पट्टी सरकत होती: 'पराभवाची जबाबदारी घेणारा देशातला पहिला नेता'.

मग सकाळी त्याने खात्यातल्या साहेबांना फोन लावला. "साहेब, ते पाचवं मत मीच दिलं."

पलीकडे आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला. "हे कुठे लेखी दिलंय तुम्ही?"

"नाही साहेब."

"मग तुम्ही हे बोललेलाच नाहीत. आठ खलिते गेलेत, भालेराव. परत मागवायची पद्धत नाही आपल्यात."

संध्याकाळी राकेश चार पोरांना घेऊन दारात हजर. "मिथुनभाऊ, मॅटर मोठा झालाय. नाक्यावर गद्दाराचा पुतळा जाळायचाय. दोन पोती द्या की, तुमच्याकडं काय कमी हायत? आणि एखादा जुना शर्ट."

"माझा शर्ट? गद्दाराला?"

"पुतळा उघडा कसा जाळायचा? मीडिया येणारे."

नाही म्हटलं तर संशय. मिथुनने निळा चौकडीचा शर्ट काढून दिला. नाक्यावर पोत्याच्या गद्दाराला तो मापात बसला. पुतळ्याला आग लावण्याचा मान अर्थातच मिथुनला मिळाला. स्वतःच्या शर्टाला काडी लावताना त्याने ओठ घट्ट आवळले, आणि प्राजक्ताने ते सात्त्विक संतापाचं दृश्य म्हणून दाखवलं.

घरी आल्यावर शेवंताबाईने त्याला ताटावर बसवलं. "तू त्या बाईला मत दिलास ना?"

मिथुनचा घास हातातच राहिला. "तुला कसं कळलं?"

"डोलं मिटून दाबलंस. सवताला द्यायला कोन डोलं मिटतो? बरा केलास. रीत हाय आपली. पन शर्ट चांगला व्हता रं."

सोनलने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आणि सगळी दुनिया शोधतेय! आता तोंड उघडलंत ना, तर मीच राकेशला सांगेन."

इकडे खलित्यांनी महासंघ हादरला. त्यांना आजवर कुठल्याच सरकारचं पत्र आलं नव्हतं, वीजबिलाचंसुद्धा नाही. त्यांनी घाईघाईने फेरमतदान जाहीर केलं. वार अर्थात शुक्रवार.

या वेळी स्वयंपाकघरात कॅमेरा होता, राकेश होता, खात्याचे साहेब स्वतः ओट्याला टेकून उभे होते. मिथुनने आईकडे पाहिलं. आईने तोंड फिरवलं. सोनलने पोळपाटावर लाटणं आपटलं. मिथुनने डोळे उघडे ठेवले, छाती पुढे काढली आणि देशासाठी, लाजत लाजत, स्वतःचं नाव दाबलं.

निकाल लागला. लीनाबाई पाच, मिथुन चार.

 साहेबांनी मिथुनकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने न विचारताच शपथ घेतली. "साहेब, आईशप्पत, या वेळी नाही!"

"या वेळी?" प्राजक्ताने माइक पुढे केला. सोनलने चटकन मध्ये चहाचा ट्रे घातला.

सगळे गेल्यावर मिथुनच्या मोबाइलवर लीनाबाईंचा निरोप आला. सोनलने मराठीत करून वाचून दाखवला.

"प्रिय मिथुन, आमच्या गावात स्वतःला मत देणं फार असभ्य समजतात. म्हणून मागच्या वेळी मी तुम्हाला दिलं होतं. पण तुमच्या टीव्हीने माझ्या सुयांबद्दल जे काही दाखवलं, त्यानंतर मला राग आला. या वेळी मी स्वतःलाच दिलं. क्षमा असावी. मोजे पाठवते आहे."

शेवंताबाईने लसणाची परडी बाजूला ठेवली. "वलनाची हाय बाई. तुमीच बिघडवलीत तिला."

तेवढ्यात कडी वाजली. दारात राकेश, मागे तीच चार पोरं.

"मिथुनभाऊ, परत घात झाला! पुतळा जाळायचाय. पोती, आणि एखादा शर्ट..."

मिथुन आत गेला. या वेळी त्याचं मन अगदी साफ होतं. त्याने शर्टाबरोबर पँटही दिली.