योहान मास्तरांचा आजा

इन्स्पेक्टरसाहेबांनी आमच्या भिंगारच्या शाळेत चौथीच्या वर्गाला विचारलं, "राणीचं राज्य आलं तेव्हा इकडे काय चाललं होतं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मास्तरांचा आजा मेंढरं राखत होता!" साहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, कारण हेडमास्तर मी होतो.

चौथीला शिकवणाऱ्या योहान मास्तरांचा इतिहास हा असा. कुठलीही लढाई घ्या, कुठलाही लाटसाहेब घ्या, मास्तर विचारणार, "आन् त्या टायमाला आमचा आजा कुठं हुता?" उत्तरही तेच देणार. नगरच्या रस्त्याला लागले की वहाणा हातात घेत. का, तर मोठ्या दुष्काळात तिथली खडी आज्यानं फोडलेली! "अहो मास्तर, वर दहा थर पडले तिच्या," मी वैतागून म्हणायचो. "खालची तर हाय ना!" तळपाय भाजले तरी ऐकतील तर शपथ.

हा आजा त्या दुष्काळातच ख्रिस्ती झाला. घरच्यांनी त्याला हाकलून दिलं, असं मास्तर धरून चालले होते. लग्न नाही, मूलबाळ नाही, चाळिशी उलटलेले मास्तर त्या भावकीवर डूख धरून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कळलं, की कर्जतकडच्या त्यांच्या मूळ गावी वंशावळ लिहिणारा भाट आलाय. मास्तरांनी मला ओढतच नेलं. भाटाच्या वहीत आज्याच्या पुढं बापाचं आणि बापाच्या पुढं स्वतःचं नाव चढवून घ्यायचं, एवढाच ध्यास.

भावकीनं आम्हाला ओसरीच्या कडेला बसवलं. पाणी वरून ओंजळीत ओतलं. भाटानं वही उलगडून वाचलं, "धोंडिबा. दुष्काळात मेला. मागं कुनी न्हाई."

मास्तर ताडकन उठले. "मेला? त्यापुढं तीस वर्सं जगला त्यो! मला खांद्यावर घिऊन हिंडला! कुनी लिवलं ह्ये?"

"माज्या बापानं," भाट म्हणाला. "पर सांगितलं धोंडिबानंच. म्हनला, मी बाटलो म्हून भावाच्या पोरींस्नी कुनी करून घेईना. मला मेला लिव."

मास्तर खाली बसले. ज्याला हाकललं म्हणून मास्तर इतकी वर्षं डूख धरून होते, त्यानं स्वतःच स्वतःला पुसून टाकलं होतं, आणि नातवाला कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

आतून एक म्हातारी भिंत धरत बाहेर आली. धोंडिबाच्या त्या पुतण्यांतली ही शेवटची, विधवा होऊन माहेरी राहिलेली. "म्हंजी माजं लगीन चुलत्याच्या मरनावर लागलं व्हय?" असं म्हणून ती रडायलाच लागली.

भाटानं टाक शाईत बुडवला. "मास्तर, लिवू का आता खरं?"

"नगं," मास्तर म्हणाले. "आज्यानं सांगितलंय तसंच ऱ्हाऊ द्या."

म्हातारीनं त्यांचा दंड धरला. "वहीत न्हाईस तर न्हाईस. मी तुजी आत्या हाय. आत चल जेवाया."

कुणी अडवलं नाही. मास्तर भाकरी मोडून तशीच हातात धरून बसले. मग हळूच म्हणाले, "आत्या, आजा रोज चतकोर भाकर बाजूला काढून ठिवायचा. कुनाच्या वाट्याची, ते कदी बोलला न्हाई."