माझा कान आणि लोरेनचा फ्रीझर

माझ्या कानाला तोड नाही. हे मी सांगत नाही, गेली चौतीस वर्षं अख्खं रिव्हर ब्लफ सांगतंय. म्हणजे सुरुवात मीच केली होती, पण आता तेही सांगतात.

आमच्या रिव्हर ब्लफ कॅडेट्स पथकाचं पितळी वाद्यांचं संगीत मी लिहितो आणि मीच शिकवतो. चौसष्ट पोरंपोरी हातात ट्रम्पेट-ट्यूबा घेऊन फुटबॉलच्या मैदानावर धावतात आणि धावता धावता वाजवतात, मागे ड्रमवाल्यांचा ताफा. गावातला दातांचा डॉक्टर, दोन पोलीस आणि शाळेची मुख्याध्यापिका माझी बोलणी खाऊनच मोठी झाली. डॉक्टरने पुढे माझ्या दाढेवर सूड घेतला, ते सोडा.

माझी पद्धत सगळ्या विस्कॉन्सिनमध्ये गाजली होती. सूर लावायचं यंत्र मी मैदानात आणूच देत नाही. रोज सकाळी पोरं अर्धवर्तुळात उभी राहतात, मी घशातून बी फ्लॅटचा सूर देतो आणि चौसष्ट जण तो गुणगुणतात. मग वाद्यं तोंडाला. या उन्हाळ्यात तर चौसष्ट गळे मिळून एकच गळा झाला होता. दुसऱ्या पथकांचे मास्तर बघायला येत. मी त्यांना म्हणायचो, "कान जन्मावा लागतो हो."

तरीही दर उन्हाळ्याच्या मोठ्या स्पर्धेत चार वर्षं आम्ही तेरावे येत होतो. पहिली बारा पथकं अंतिम फेरीत जातात. त्यात आमची पहिली ट्रम्पेट वाजवणारी मारिट या ऑगस्टमध्ये एकवीस पूर्ण करणार होती. एकवीस झालं की पथकातून बाहेर, हा नियम. चार वर्षं तिने तेरावा नंबर बघितला होता. मला तिला बारावा दाखवायचा होता.

स्पर्धेच्या दिवशी नाश्त्यालाच मी लोरेनला गाठलं. लोरेन आमची स्वयंपाकीण. तिचा जेवणाचा ट्रक नेहमी आमच्या पाठीशीच उभा असतो आणि त्यातला जुना फ्रीझर गाईसारखा हंबरत असतो.

"लोरेन, आज ट्रक स्टेडियमच्या मागे ने. तुझ्या फ्रीझरची घरघर माझ्या सुरात येते."

"अकरा वर्षं येतेय की रे वेंडेल. आजच बरी खुपली?"

"आज परीक्षक आहेत!"

मारिट ताट घेऊन मागेच उभी होती. ती एकदम म्हणाली, "सर, राहू दे ना ट्रक इथेच."

"मारिट, आजच्या दिवशी तरी जेवणावरचं लक्ष काढ," मी म्हणालो. ती काहीतरी बोलणार होती, पण मी पुढे निघून गेलो. मोठ्या माणसांचं असंच असतं.

दुपारी दोनला अर्धवर्तुळ लागलं. वाजवायला अर्धा तास होता. मी छाती भरून बी फ्लॅट दिला. पोरांनी तोंडं उघडली आणि चौसष्ट जणांनी चौसष्ट सूर लावले.

पुन्हा दिला. आता साधारण सत्तर लागले.

ड्रम शिकवणारा डेल लांबून ओरडला, "वेंडेल, कोणी मेलं का रे?"

मी पोरांवर ओरडलो. "काय झालंय काय तुम्हाला? रोजचाच तर सूर आहे!"

सगळे बुटांकडे बघू लागले. शेवटी मारिट पुढे आली. "सर, रागावू नका. तुमचा सूर रोजचा नसतो. कॉफीच्या आधी खाली असतो, कॉफीनंतर वर. आम्ही फ्रीझरचा घेतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच. नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात. डोळे सरांकडे, कान फ्रीझरकडे."

चौतीस वर्षांची कीर्ती, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं फ्रीझरमधल्या वाटाण्याच्या पाकिटांवर उभी! पण रडायला वेळ नव्हता. बासष्टाव्या वर्षी मी स्टेडियमला अर्धा वळसा घालून धावलो. लोरेन बटाटे सोलत होती.

"लोरेन, ट्रक परत आण!"

"फाटकावरचा गडी आता सोडायचा नाही. का रे, घरघरीची आठवण आली?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ती हसली नाही, त्याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. तिने फक्त सोलाणं खाली ठेवलं. "तो सूर ना? अकरा वर्षं दिवसभर ऐकतेय, झोपेतसुद्धा लागतो मला."

ॲप्रनला हात पुसत लोरेन अर्धवर्तुळासमोर उभी राहिली आणि तोंड मिटून हंबरली. हुबेहूब फ्रीझर. चौसष्ट गळे धावत येऊन तिच्या सुराला बिलगले.

मग त्या पोरांनी काय वाजवलं म्हणून सांगू! शेवटच्या सुरावर माझ्या पायाखालचं गवत थरथरलं. ते संगीत मी लिहिलं होतं, पण इतकं चांगलं मी लिहिलंय हे मलाही तेव्हाच कळलं. अभिमानाने माझा ऊर फुटायचा बाकी होता.

आम्ही बारावे आलो. मारिट रडत माझ्या दिशेने धावली. मी हात पसरले. ती माझ्या बगलेखालून निघून लोरेनच्या गळ्यात पडली.

परीक्षकांच्या शेऱ्यात एक ओळ होती, 'या शिक्षकाच्या कानाला सलाम.' ती मी चौकटीत लावली आहे. डेल रोज तिच्यापुढे टोपी काढतो.

हिवाळ्यात तो फ्रीझर बंद पडला. लोरेनला वेळ नव्हता, म्हणून नवा आणायला मी गेलो. एकेका फ्रीझरच्या दाराला कान लावत मी दुकानभर फिरत होतो. शेवटी दुकानदार जवळ आला.

"केवढा हवाय साहेब?"

"बी फ्लॅट," मी म्हणालो. "थोडा चढा असला तरी चालेल. पण कॉफीनंतर बदलायला नको."