आडवा बंब

रिटायर झालेल्या माणसानं देवळात जावं, पारावर बसावं, फार तर नातवंडांना चॉकलेटं देऊन त्यांचे दात किडवावेत. भुजंगराव यातलं काहीच करत नव्हते! ते सकाळी उठायचे, कपभर चहा घ्यायचे आणि गोठ्यात जाऊन एका लोखंडी धुडाशी बोलत बसायचे. "काय म्हणतीस? गंज तर न्हाई ना चढला रातच्याला?" अशी विचारपूस! नंदाबाईंना दोनदा टायफॉइड झाला, एकदा पाय मोडला, पण "काय म्हणतीस" हा प्रश्न काही त्यांच्या वाट्याला कधी आला नाही.

"मला बी कधी असं विचारलं असतं, तर माझा बी गंज उतरला असता!" त्या गोठ्याच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या. भिंतीला सांगितल्यासारखं, पण शेजारच्या सर्जेरावापर्यंत जाईल एवढ्या आवाजात.

हे धूड जालन्याच्या भंगार बाजारातून आलं होतं. भुजंगराव गेले होते मिक्सरचं भांडं आणायला. आले ते टेम्पोत बसून! मागं म्हशीच्या रेडकाएवढं काहीतरी, त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे इतके थर की खाली लोखंड आहे की लाकूड, ते पेंटवाल्यालाच ठाऊक. सोबत सुट्ट्या चाकांचं पोतं. मिक्सरचं भांडं नाहीच.

"हे काय हाय?" नंदाबाईंनी विचारलं.

"तेच तर वळखायचंय," भुजंगराव म्हणाले. चेहरा असा, जसं जुळं झालंय!

मग सगळं बदनापूर ओळखायला येऊन गेलं. मुलगा पप्पू म्हणाला, रसवंतीचं मशीन असंल. सर्जेराव भिंतीवरून म्हणाला, "वहिनी, ही हातभट्टी हाय! पोलीस आले तर आम्ही तुम्हाला वळखत न्हाई, आधीच सांगून ठेवतो!" भुजंगरावांनी रेल्वेतल्या रिटायर मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. एकानं रोड रोलर सांगितलं, दुसऱ्यानं हॉटेलापुढची शोभेची वस्तू सांगितली, आणि बाकीच्यांनी गुड मॉर्निंग पाठवलं.

शेवटी भुजंगरावांनीच बॅटरी लावून त्याच्या तोंडात डोकं घातलं, आणि आतूनच ओरडले, "नंदे! पोटात तांब्याच्या नळ्या हायेत! शोभेच्या वस्तूला नळ्या कशाला? हिच्यात पाणी घातलं, विस्तव घातला, की ही पळती! हे खरं इंजन हाय, फक्त बारकं!"

"डोकं बाहीर काढा आधी. अडकलं तर जालन्याला तुमच्यासकट परत द्यावं लागंल!"

आता कोणतं इंजन, ते ओळखायचं राहिलं. भुजंगरावांनी पोतं उपडं करून अंगणात चाकं मांडली. पुढं चार बारकी लागली, मधे सहा मोठी लागली. मागचा जोड काही सापडेना! पुन्हा भंगार बाजार गाठला, तर दुकानदाराचं पोरगं तो दोन चाकांचा आस डंबेल म्हणून उचलत होतं. पोरगं सोडायला तयार नव्हतं. त्याच्या दंडाला नुकतीच बेडकी येऊ लागली होती. विनवण्या करून आस आणला, मागं लावला, आणि भुजंगराव मटकन जमिनीवर बसले.

"चार, सहा, दोन. वायपी! अगं, ही वायपी हाय! छोट्या लाइनीचं वाफेचं इंजन! मी पॉइंट्समन लागलो तव्हा हीच यायची आपल्या स्टेशनात!"

"मंग तिच्यासंगंच लग्न लावायचं होतं!"

पण त्या दिवशी नंदाबाईंनी चहा तिथंच आणून दिला. उभी नोकरी या माणसानं इंजनांना झेंड्या दाखवल्या. "एकदा वर घ्या हो," म्हणून डायव्हरांच्या मागं लागला, आणि प्रत्येक डायव्हर "उद्या" म्हणून पुढं निघून गेला, हे त्यांना माहीत होतं.

मग सुरू झालं उटणं! हिरवा रंग खरवडला, पिस्टन घासले, नळ्या साफ केल्या. पितळी घुमटाला भुजंगराव कसलीशी पावडर चोळत होते, ते नंदाबाईंना बघवेना. "सरका तिकडं! पितळ कधी पाह्यलंय का?" म्हणून त्यांनी चिंच आणि राख घेऊन तो असा घासला, की सर्जेराव त्यात बघून भांग पाडू लागला. अंगणाला गोल वळसा घालून लोखंडी पट्ट्यांचे रूळ झाले, त्यावर इंजन चढलं. इंजनामागं बसायला चार चाकांचा एक बुटका पाट झाला. सगळं झालं. फक्त इंजन काही पेटेना!

म्हणजे भुजंगराव पेटवतच नव्हते. "आज वारा हाय." "आज आवस हाय." "आज माझा डावा डोळा फडफडून राह्यला." नंदाबाईंनी ओळखलं. हा माणूस भ्याला होता! पेटवली आणि चालली नाही, तर? न पेटवता तिच्याशी बोलता तरी येत होतं.

तरी त्यांनी जाहीर करून टाकलं, "धोंड्याच्या जेवणापर्यंत मुदत. त्याच्या आत चालली तर ठेवा. न्हाई तर दुसऱ्या दिवशी भंगारात. मला गोठा म्हशीला पाह्यजे!"

धोंड्याच्या जेवणाची गोष्टच तशी होती. अधिक महिना आला, की लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला तेल लावून न्हाऊ घालायचं, कपडे करायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. मागच्या अधिक महिन्यात ऐन न्हाण्याच्या वेळी लाइट गेली, गिझर बंद पडला, आणि जावयाच्या अंगावर पडलं गार पाणी! इहीण बेबीनंदाबाईंनी ती बातमी भोकरदनच्या बाजारात, एसटी स्टँडवर आणि चार लग्नांत सांगितली. "माझा कल्याण महिनाभर शिंकत होता हो!"

ते शिंकणं नंदाबाईंच्या कानात अजून वाजत होतं.

"यंदा असं कढत पाणी घालीन," त्या म्हणाल्या, "की इहीणबाई भोकरदनपर्यंत पदरानं वारा घालत जातील! आणि गिझर बिलकुल नको. माझा माहेरचा तांब्याचा बंब हाय!"

यंदाचा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला होता. कावळे सावलीतून हलत नव्हते, टाकीच्या पाण्यातच अंडं उकडलं असतं. पण मान तो मान!

धोंड्याच्या दिवशी सकाळीच पाहुणे आले. लेक वंदना आली. जावई कल्याणराव आले. ते झेडपीच्या शाळेत हेडमास्तर. वरून लेखी आदेश आल्याशिवाय हसायचे नाहीत. मागून बेबीनंदाबाई आल्या. खुर्चीवर बसल्या आणि पहिलंच वाक्य, "कल्याणला सर्दीचं औषध सोबत आणलंय, इहीणबाई. काळजी करू नका."

नंदाबाईंनी ओठ आवळले आणि बंब पेटवायला न्हाणीमागं गेल्या. बघतात तर काय! बंबाच्या पोटातली जाळी गायब! मधलं नळकांडं गायब! भर चौकात कुणी दात पाडून सोडलेल्या माणसासारखा बंब आ वासून बसलेला!

भुजंगराव आमरसाचे आंबे आणायला गेले होते. नंदाबाईंनी फोन लावला.

"माझ्या बंबाची जाळी कुठाय?"

पलीकडं भुजंगरावांनी आधी आंबेवाल्याशी भाव केला. मग, "इंजनात."

"आन् नळकांडं?"

"त्याचं धुराडं झालं. अगं, जरासंच कापलं—"

"पाणी?"

"ते बी इंजनातच हाय. काल नळ्या गळतात का पाह्यलं, मंग अर्धं ठेवलं. नंदे, तू तिला हात नको—"

नंदाबाईंनी फोन ठेवला आणि हिशोब घातला. जाळी इंजनात, नळकांडं इंजनात, पाणी इंजनात. मग बंब कोणता? इंजनच की! उभा नाही, आडवा आहे, एवढंच!

पदर खोचला. खाली कापसाच्या पऱ्हाट्या, वर गोवऱ्या, एक काडी! बंब पेटवण्यात नंदाबाईंचा हात उभ्या तालुक्यात कुणी धरला नसता. धुराडं असं धडधडलं, की सर्जेराव भिंतीवर चढून बसला. मागं एक घड्याळासारखी चकती होती, तिचा काटा सरसर वर चालला.

"पप्प्या, हे घड्याळ लई पुढं पळून राह्यलं. मागून सेल बदल त्याचा!"

मागच्या वेळी गार पाण्यानं बोभाटा झाला होता, आणि इथून न्हाणीपर्यंत नेता नेता कढत पाणीही निवलं असतं. यंदा ती चूक नाही! त्यांनी जावयालाच बंबापाशी नेलं. मागं तो बुटका पाट तयारच होता. कल्याणराव पंचा गुंडाळून, मांडी घालून त्यावर बसले. पप्पूनं मेव्हण्याला तेल चोळलं, उटणं फासलं. चष्मा तेवढा कल्याणरावांनी काढू दिला नाही. उन्हात ते असे पिवळे चमकत होते, जसं घुमटासंगं त्यांनाही चिंच लावलीय!

"सासूबाई, ऊन फार आहे. गार पाणी चाललं असतं," ते हळूच म्हणाले.

"गार पाण्याचं नाव काढू नका, जावईबापू!"

पहिला तांब्या सासूच्या हातचा. नंदाबाईंनी डोईवर पदर घेतला, माठातल्या गार पाण्याचा तांब्या विसणाला डाव्या हातात धरला, बादली खाली सरकवली, आणि तोटी समजून मागची पितळी दांडी ओढली.

पाणी आलं नाही.

"फुस्स्स्" झालं. मग "भक्" झालं. मग "भक् भक्" झालं, आणि जावई निघाले!

"सासूबाई, हे काय—" एवढं ऐकू आलं आणि कल्याणराव वाळत घातलेल्या कुरडयांच्या चादरीपलीकडं गेले. नंदाबाई तांब्या घेऊन मागं धावल्या.

"जावईबापू, हलू नका!"

"मी हलत नाहीये!" ते दुसऱ्या बाजूनं ओरडत आले आणि गेले. "हेच हलतंय!"

"आई, थांबव ना त्यांना!" वंदना किंचाळली.

"आधी पहिला तांब्या पडू दे!"

दुसऱ्या फेरीला नंदाबाईंनी नेम धरून तांब्या फेकला. तोवर इंजनानं वळण घेतलं, आणि तांब्यातलं सगळं पाणी अंगणात खुर्चीवर बसलेल्या बेबीनंदाबाईंच्या डोक्यावर! अंबाडा, कुंकू, नवं लुगडं, सगळं निथळलं.

"भक् भक्" चालूच. नंदाबाईंना वाटलं, संपलं! आता भोकरदनच काय, पार पिंपळगाव रेणुकाईच्या यात्रेत ही गोष्ट माइकवरून सांगतील!

बेबीनंदाबाईंनी डोळे मिटले. तोंडावरून हात फिरवला.

"अगं आई गं," त्या म्हणाल्या. "केवढं बरं वाटलं! सकाळपासून जीव भाजून निघाला होता. इहीणबाई, अजून एक तांब्या घाला!"

एवढ्यात भुजंगराव आंब्यांची पाटी डोक्यावर घेऊन फाटकात आले. पाटी पडली. आंबे अंगणभर गडगडले. त्यांच्यापुढून त्यांची वायपी गेली, धूर सोडत, घुमट चमकवत, मागं पिवळा जावई घेऊन!

"चालली!" ते कुजबुजले. "नंदे, चालली गं!"

"अहो, उभे काय राह्यलात? थांबवा तिला!"

"कशाला?" भुजंगरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी हात वर केला. "लाइन क्लियर हाय!"

आणि तिकडं हेडमास्तरांना शिट्टीची साखळी सापडली! त्यांनी एकदा ओढली. स्वतःच दचकले. पुन्हा ओढली. मग जे हसत सुटले, की त्यांच्या आईला ते आपलंच पोर आहे का म्हणून चष्मा पुसून बघावं लागलं. शिट्टी अशी घुमली, की स्टेशनवर वेटिंग रूममधली माणसं सामान उचलून फलाटाच्या कडेला आली म्हणे!

विस्तव बसला तेव्हा इंजन आपसूक थांबलं. कुरडया काजळीनं काळ्याकुट्ट झाल्या होत्या. जावई उतरेनात.

"सासरेबुवा, आणखी गोवऱ्या आहेत का?"

"तू ऊठ रे आता," बेबीनंदाबाईंनी ओला पदर खोचला. "जावयाचा मान झाला. आता जावयाच्या आईचा!"

मग इहीणबाई फिरल्या. वंदना फिरली. सर्जेराव भिंतीवरून उडी मारून रांगेत लागला, आणि हातभट्टीचं नाव कुणी काढलं तर "मी तर पहिल्यापासून इंजनच म्हणत होतो" म्हणू लागला. गोवऱ्या घालायला भुजंगराव, पाणी घालायला भुजंगराव, दांडी धरायला भुजंगराव. पंधरा वर्षांच्या पोरासारखे तोंड काळं करून पळत होते. धोंड्याची पंगत ऊन कलल्यावर बसली, आणि कल्याणराव आंघोळ न करताच, पिवळेच, जेवायला बसले.

निघताना बेबीनंदाबाईंनी नंदाबाईंचे हात धरले. "भोकरदनात कुणाच्या जावयाला असा मान मिळाला न्हाई. सगळ्यांना सांगते बघा!" आणि त्या खरंच सांगणार, याची नंदाबाईंना पक्की खात्री होती.

संध्याकाळी अंगण रिकामं झालं. भुजंगराव फडक्यानं इंजन पुसत होते, पुसलेलंच पुन्हा पुसत होते. नंदाबाई कंबरेवर हात ठेवून समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी इंजनाकडं बघितलं. नवऱ्याच्या काळ्या तोंडाकडं बघितलं.

"मंग?" भुजंगरावांनी फडकं हातात पिळलं. "उद्या भंगारवाल्याला बोलवू का?"

"खबरदार!" नंदाबाई म्हणाल्या. "इंजन म्हणून लाखात एक हाय, राहू द्या. पण एक सांगते, राग मानू नका. दोन पाट्या गोवऱ्या घातल्या, भाराभर पऱ्हाट्या घातल्या, आन् तांब्याभर ऊन पाणी आलं न्हाई! बंब म्हणून तुमचं हे इंजन बिलकुल कामाचं न्हाई!"