मोकलकाकांची दुसरी नजर

मोकलकाकांना घराला कुलूप लावता येतं, पण ते लागलंय हे स्वतःचं स्वतः मान्य करता येत नाही. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. सकाळी मी ऑफिसच्या घाईत दुसरी चप्पल शोधत असते, तेवढ्यात बेल वाजते.

"माधुरी, कुलूप लावलंय. जरा बघून घे."

मी जाऊन कुलूप ओढते. "लागलंय, काका."

"ओढलंस. बघितलं नाहीस."

मग मी बघते. मी नसले तर दूधवाला बघतो, तो नसला तर कुरिअरवाला. एकदा मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी थांबवलं होतं. "मुलगा फार बारकाईने बघतो," असं नंतर आठवडाभर कौतुक चाललं होतं. माझ्या बघण्याचं तसं कौतुक अजून झालेलं नाही.

काकांचं तत्त्व एकच. "करणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. दुसरी नजर पडली पाहिजे." न्हावा शेव्याला बंदरात ते कंटेनरचं कॉम्प्युटरवरचं काम बघायचे. त्यांच्या हातून एकही कंटेनर चुकीच्या जहाजावर चढला नाही, असं ते अभिमानाने सांगतात. वेळेवर किती चढले, ते सांगत नाहीत.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, भजनाला जातात. काकांनी मोबाईल ॲप काढलं. त्याचं नाव 'ओहोटी'. खाडीत पाणी कधी चढेल, कधी उतरेल, बोट कुठल्या वेळी धक्क्याला लागेल, एवढंच ते सांगतं. ॲप फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. जगातल्या एवढ्या माणसांमधून वाचायला आम्ही तिघं आलो. मी आले कारण मी समोर राहते आणि सॉफ्टवेअर कंपनीत आहे, हे लपवणं मला जमलं नाही. इम्रान तळोज्याचा, माल वाहतुकीच्या ऑफिसात कामाला, काकांना बंदरापासून ओळखतो. आणि शीतल खाडीकाठच्या मोरा गावची, कोळ्यांची मुलगी, नुकतीच इंजिनिअर झालेली. ती ॲप वापरायची, त्यात चुका सापडल्या म्हणून भांडायला आली आणि राहिली.

आता एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचायचा, पटला तर होकार द्यायचा, मगच तो ॲपमध्ये जायचा, अशी पद्धत असते. त्याला कोड रिव्ह्यू म्हणतात. त्यासाठी तयार टूल मिळतात. सगळं जग त्यातलं एक उचलतं आणि कामाला लागतं. काकांनी टूल निवडण्यासाठी समिती नेमली. समितीत आम्ही चौघं.

समितीची बैठक दर रविवारी सकाळी काकांकडे भरायची. सुरुवात पोह्यांनी. "चाखून सांग. मीठ मी टाकलंय, म्हणजे मला कळणार नाही." मीठ मंजूर झालं की लॅपटॉप उघडायचा. काकांनी टूलांच्या तुलनेचा एक तक्ता केला होता. त्यात 'वेग', 'सोय' यांच्या शेजारी 'स्वभाव' असाही एक रकाना होता.

पहिलं टूल सुटसुटीत होतं. कोड वाचला की खाली अंगठ्याचं चित्र दाबायचं, झाला होकार.

"वाचल्याचा पुरावा काय?" काकांनी विचारलं.

"काका, माणसावर भरोसा ठेवायचा," इम्रान म्हणाला.

"भरोसाच ठेवायचा तर टूल कशाला?"

पुढच्या आठवड्यात काकांनी थोडा कोड तपासायला पाठवला. इम्रानने दुपारच्या जेवणात अंगठा दाबून टाकला. रविवारी काकांनी तो कोड मोठ्या अक्षरात उघडला. मधोमध ओळ होती, 'हे वाचणारा गाढव आहे.' इम्रानने ती शांतपणे वाचली आणि पोह्यांची दुसरी बशी घेतली. टूल बाद झालं.

दुसऱ्या टूलमध्ये यंत्रच कोड वाचून अभिप्राय द्यायचं. पहिल्याच दिवशी त्याने काकांना लिहिलं, 'अतिशय सुबक काम.' काकांनी तो स्क्रीन मला दाखवला, लिफ्टमध्ये सेक्रेटरींना दाखवला, भाजीवालीलाही दाखवला. "निःपक्ष मत आहे," म्हणाले. दोन दिवसांनी यंत्राने सुचवलं की कोडमधली 'भरती' आणि 'सुकती', म्हणजे ओहोटी, ही नावं बदलून इंग्रजी करावीत. काकांचं मूळ गाव उलव्याकडचं, आता तिथे विमानतळ आहे. एरवी ते शहरी बोलतात, पण त्या दिवशी गावचं तोंड सुटलं. "ह्याचा काय संबंध हाय? ह्याने खाडी बघितलीय का कधी?" यंत्राशी त्यांचं दोन दिवस लेखी भांडण चाललं. यंत्र प्रत्येक वेळी नम्रपणे माफी मागून तेच सुचवत राहिलं. तेही बाद झालं, 'स्वभाव' या रकान्यात 'गोडबोल्या' असा शेरा घेऊन.

तिसरं टूल प्रत्येक बारीक गोष्टीची ईमेल पाठवायचं. चौथं काकांना आवडलं होतं, पण ते चालू कसं करायचं हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. बैठका चालू राहिल्या. मी घरी सांगायचे, जाऊन येते, आज नक्की ठरेल. घरचे स्वयंपाकात मला धरायचे नाहीत.

काकू या सगळ्याला नव्हत्या. त्या मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेल्या, थोड्या दिवसांसाठी. तो नातू आता शाळेत जातो. काका त्याबद्दल "तिकडे गरज आहे" एवढंच म्हणतात आणि विषय कोडकडे नेतात.

मग एका रविवारी शीतल उशिरा आली. बसली नाही.

"सर, मी केलेली दुरुस्ती कधी बघणार?"

मोऱ्याच्या धक्क्याजवळ गाळ साचला होता. ॲप पाण्याच्या जुन्या खोलीवर हिशोब करायचं, आणि बोट लागेल म्हणून सांगायचं तेव्हा ती लागत नव्हती. शीतलने ते दुरुस्त करून पाठवलं होतं. पण टूल ठरेपर्यंत काहीच तपासायचं नाही, असा समितीचा ठराव होता. ठराव काकांचा, हात आम्ही वर केले होते.

"टूल ठरलं की पहिलं तुझंच घेऊ," काका म्हणाले.

"काल आमच्या बाबांची बोट चिखलात बसली. ॲप बघून आणली होती. पाणी चढेपर्यंत अडकून पडले, बर्फ वितळला, मासळी गेली." तिचा आवाज चढलेला नव्हता. "बाबा मला कायच बोलले नाय. ॲप मीच दिलं होतं त्यांना. तुमाला टूल नसेल ठरवायचं तर सांगा. आमी आमचं वेगळं ॲप करतो."

काकांनी तक्ता बंद केला. खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बस. दाखव."

त्यांनी तिची दुरुस्ती तिथेच वाचली. ओळीवर बोट ठेवून, मोठ्याने, एकेक. कुठे अडलं तर तिला विचारलं. एका ठिकाणी तिच्या वडिलांनाच फोन लावायला सांगितला. "मी मोकल. चूक माझी आहे. आता पाणी किती उतरतं तेवढं सांगा." शेवटी म्हणाले, "बरोबर आहे. जाऊ दे पुढे." दुपारच्या आत ते ॲपमध्ये गेलं.

मग टूल कुठलं घ्यायचं ते शीतलनेच विचारलं. इम्रानने पहिलं सुटसुटीत टूल उघडलं आणि म्हणाला, "हे. मी आता वाचेन, काका, कसम से." काकांनी मान हलवली. इतके महिने चाललेलं काम चहा निवायच्या आत संपलं.

त्यानंतर बैठकांची गरज उरली नाही. सगळं घरबसल्या होऊ लागलं. रविवारी मी अंथरुणात लोळत राहायचे आणि टूलवर होकार द्यायचे. फार छान चाललं होतं.

काकांचं कामही नियमित यायचं. एका रविवारी त्यांनी ॲपमधल्या एका सूचनेत स्वल्पविराम घातला, 'पाणी उतरतंय, बोट आणू नका.' मी होकार दिला. पुढच्या रविवारी त्यांनी तो काढला. तेव्हा इम्रानने होकार दिला. त्याच्या पुढच्या रविवारी स्वल्पविराम परत आला, नेमका बैठकीच्या वेळेला, आणि तपासणारे म्हणून आम्हा तिघांचीही नावं घातलेली.

मी होकार देणारच होते, तेवढ्यात शीतलचा अभिप्राय आला. तिने नकार दिला होता. खाली लिहिलं होतं, 'काका, हे असं मोबाईलवर कळत नाय. समोर बसून बघायला लागेल. मी निघाली हाय, येताना मांदेली आणते.' 'सर' लिहायची ती, आज 'काका' लिहिलं होतं.

मी उठून दार उघडलं. समोरचं दार उघडंच होतं. काका खुर्च्या पुसत होते. मला बघून म्हणाले, "शीतलचा मुद्दा तसा बरोबर आहे. गंभीर विषय आहे."

"आहे खरा," मी म्हटलं आणि इम्रानला फोन लावला.

दुपार कलेपर्यंत आम्ही त्या स्वल्पविरामावर बोललो. मांदेली संपली. स्वल्पविरामाचं काही ठरलं नाही, तो विषय पुढच्या रविवारवर टाकला.