परबकाकांचं नाक आणि ग्राफिक्स कार्ड

शनिवार, १० फेब्रुवारी. कामं तीन. गिरणीतून पीठ आणणं, इस्त्रीचे कपडे उचलणं आणि शेजारच्या परबकाकांबरोबर अंधेरीला जाऊन ग्राफिक्स कार्ड घेणं. पहिली दोन साडेनऊपर्यंत उरकली. तिसऱ्याला अख्खा दिवस गेला, कारण परबकाका कुठलीही वस्तू वास घेतल्याशिवाय विकत घेत नाहीत.

आंब्याचा, मासळीचा वास कोणीही घेतं. परबकाका पंख्याचा घेतात. इस्त्रीचा, मिक्सरचा, दिव्याच्या होल्डरचा. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने पाण्याचा नवा पंप आणला, तेव्हा सगळी कमिटी नारळ घेऊन उभी होती आणि काका पंपापुढे गुडघे टेकून, मोटरच्या जाळीला नाक लावून बसले होते. सेक्रेटरी म्हणाले, "काका, पाया पडून झालं असेल तर नारळ फोडू का?" काका उठले, धोतर झटकावं तशी पँट झटकली आणि म्हणाले, "जुनी मोटर हा. वरसून रंग मारलोहा. परत पाठवा." कमिटीने नारळ फोडला. पंप नवव्या दिवशी जळला.

काकांनी चाळीस वर्षं साकीनाक्याच्या एका गाळ्यात मोटर वाइंडिंग केलं. म्हणजे जळलेल्या मोटरमधली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची. तारेवर वॉर्निशचा पातळ थर असतो. तो जळला की एक कडवट, घशाला लागणारा वास येतो. मोटर किती जळली, कुठे जळली, कोणाच्या चुकीने जळली, हे काका त्या वासावरून सांगायचे. "वास सांगता सगळा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "माणूस खोटा बोलता, बिल खोटा बोलता. जळलेली तार खोटा बोलणा नाय."

तीन वर्षांपूर्वी त्यांनी गाळा एकाएकी बंद केला. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "कंटाळो इलो." काकी जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता, मुलंबाळं नाहीत. मला वाटलं, आता हा माणूस दिवसभर जिन्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करणार. काकांनी तसलं काही केलं नाही. शेजारचं एक ऑफिस बंद पडलं होतं, तिथला भंगारात निघालेला कॉम्प्युटर उचलून आणला, खोलून साफ केला आणि पासष्टाव्या वर्षी गेम खेळायला लागले.

गेम एकच. ट्रक चालवायचा. परदेशातले रस्ते, माल भरायचा आणि गावोगाव पोचवायचा. काका तो ज्या शिस्तीत चालवतात, त्या शिस्तीत आमच्या असल्फ्याच्या रस्त्यावर एकही गाडी चालत नाही. वळणाआधी हॉर्न. सिग्नल लाल असला की पूर्ण थांबणार, मागेपुढे चिटपाखरू नसलं तरी. चार वाजले की ट्रक कडेला लावून चहा. माल निवडायचा झाला तर बाकी सगळं सोडून मासळी. कोकणातला माणूस परदेशात गेला तरी पापलेटच वाहणार, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "थंय पापलेट खंय गो, काय तरी दुसराच असता. पण मासळी ती मासळी."

याच काळात त्यांनी मला वास शिकवायला घेतलं. माझा मिक्सर बिघडला, तो काकांनी नेला आणि खोललेली मोटर माझ्याच नाकाखाली आणून धरली. "काय येता? सांग." मी म्हटलं, "काका, मला ऑफिसला जायचंय." "सांगून जा." मग कधी पंखा, कधी चार्जर, कधी खालच्या मजल्यावरचा गिझर. दर वेळी आधी मी वास घ्यायचा, काय येतं ते सांगायचं, मग काका डोळे मिटून आपलं नाक लावणार आणि निकाल देणार. मी एका औषध कंपनीच्या खरेदी विभागात आहे. माल पारखणं माझा धंदाच आहे, त्यामुळे मीही फार कुरकुर केली नाही. म्हाताऱ्याला कोणाला तरी शिकवायची हौस आहे, शिकवू दे.

बाकी विक्षिप्तपणा विचारू नका. दाढीचा ब्रश आणि साबणाची वाटी गॅसच्या शेगडीशेजारी ठेवतात. बहुतेक स्वयंपाकघरात दाढी करतात. दूध तर आठवड्यातून तीनदा करपवतात. सगळ्या मजल्यावर वास सुटतो आणि हे आत ट्रक घेऊन चालले आहेत. मी दार ठोकून किती वेळा ओरडले असेन, "काका, त्या ट्रकला आग लावा एकदा! दूध लागलं!" तेव्हा ते धावत जायचे. गेम म्हटलं की माणसाला भान राहत नाही, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं.

आता मुद्द्याचं. त्या गेमचं नवं रूप आलं आणि काकांच्या कॉम्प्युटरला ते झेपेना. चित्र अडकायचं. झाडं अंगावर आल्यावर उगवायची. "रस्तो तयार होवच्या आधी मी थंय पोचतंय," काका म्हणाले. "काल एक पूल इलोच नाय. मासळीसकट नदीत." ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्र काढणारा भाग, बदलायला हवं होतं.

बजेट पंधरा हजार. एक रुपया वर नाही, कारण ते पैसे वाइंडिंग मशीनचे होते. गाळा सोडल्यापासून मशीन घरात चादर पांघरून उभं होतं, ते जानेवारीत विकलं. "मशीनचे पैसे मशीनाकच," काका म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडून घ्या चार-पाच हजार, नवं कोरं आणू. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. कार्ड खराब निघालं तर दुसरं विकायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

तयारी मात्र बघण्यासारखी होती. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यात बसेल एवढं खोटं कार्ड बनवलं होतं. यापेक्षा लांब कार्ड असेल तर ते घ्यायचं नाही. वीज पुरवणाऱ्या डब्यातून आठ पिनांची एकच वायर निघते, दोन मागणारं कार्ड घ्यायचं नाही. "भूक बघून जेवण नाय, जेवण बघून भूक," ते म्हणाले. आणि मेमरी आठ जीबी. हे सगळं पुठ्ठ्यावरच लिहिलं होतं, पेढ्याच्या चित्राच्या बाजूला.

अंधेरी स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर जुन्या कॉम्प्युटरच्या मालाचं एक दुकान आहे. मालक निलेशभाई, चाळिशीचा, बोलायला गोड. दुकानात अगरबत्त्यांचा एवढा धूर, की मला वाटलं पूजा चालू आहे. त्याने तीन कार्डं मांडली. एक नवं, सीलबंद, चौदा हजार, पण मेमरी चारच. काकांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवून ते बाजूला सारलं. उरलेली दोन्ही वापरलेली, आठ जीबीची. चकचकीत पंख्यांचं बारा हजारांना, साधं मळकट साडेतेरा हजारांना. दोन्ही पुठ्ठ्याएवढी, दोन्हींना एकच वायर.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. मी जिन्यात गेले. पाच मिनिटं बोलले असेन. आतून निलेशभाईचा आवाज येत होता. "अंकल, सूंघ क्या रहे हो? अत्तर थोडी है." दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. मग पुन्हा तोच, "आप तो चालीस साल के एक्सपर्ट हो ना? बोलो ना, जला हुआ है क्या? सबके सामने बोलो."

मी परत आले तेव्हा काकांच्या हातात चकचकीत कार्ड होतं. "एकदम स्वच्छ," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि खिशातून पाकीट काढलं.

मी बघायला म्हणून कार्ड हातात घेतलं. नाकाजवळ न्यायचीही गरज पडली नाही. हातभर अंतरावरून, त्या सगळ्या अगरबत्त्यांमधून, तोच वास. कडवट, घशाला लागणारा. माझ्या मिक्सरचा, खालच्या गिझरचा. शेंबड्या पोरालाही कळला असता.

मी काकांकडे बघितलं. ते नोटा मोजत होते. शांतपणे, अंगठ्याला थुंकी लावून.

अशा वेळी विचार करत बसायला मला जमत नाही. मी कार्ड काउंटरवर ठेवलं. "निलेशभाई, लगाके दिखाओ. गेम चलाके. आधा घंटा."

"मॅडम, टेस्ट किया हुआ माल है. अंकलने खुद पास किया."

"अंकल का काम हो गया. मैं परचेस में हूँ. मेरा काम बाकी है."

"सुजाता, कित्या उगाच," काका म्हणाले.

"काका, तुम्ही बसा. आमच्या ऑफिसात मी बुचाची बाटलीसुद्धा उलटी धरून बघितल्याशिवाय घेत नाही."

निलेशभाईने टेस्टिंगचा वेगळा चार्ज सांगितला. मी स्टूल ओढून बसले आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना विचारलं, त्यांनी आपला माल चालवून बघितला का. मग चार्ज लागला नाही. कार्ड जोडलं, गाड्यांचा कुठलासा गेम सुरू झाला. पाच मिनिटं झकास. आठव्या मिनिटाला आकाशात हिरवे चौकोन. अकराव्या मिनिटाला पडदा काळा आणि पंखे कोकलायला लागले. "व्होल्टेज का प्रॉब्लेम है," निलेशभाई म्हणाला. दिवे लख्ख चालू होते. गिऱ्हाइकं पुन्हा हसली, या वेळी दुसऱ्याला.

मळकट कार्ड मी चाळीस मिनिटं चालवून घेतलं. त्याला काही झालं नाही. काका दुकानाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते, म्हणून मीच ते उचललं, वास घेतला आणि मोठ्याने म्हटलं, "धूळ आणि तेल. बस." बारा हजार आठशेला ठरवलं. बिलावर कार्डाचा नंबर आणि महिनाभराची हमी लिहून घेतली.

मला खटकलं ते वेगळंच. ज्या माणसाने नऊ दिवसांत जळलेल्या पंपाची गोष्ट मला तीस वेळा ऐकवली, तो म्हणालाच नाही, की माका वाटलाच होता.

मेट्रोत जागा मिळाली. काका खोकं मांडीवर घेऊन बसले. चकाला स्टेशन गेलं, तेव्हा समोर बघतच म्हणाले, "तुका वास इलो."

"आला."

"लांबसून?"

"हो."

एक स्टेशन गेलं.

"माका तीन वर्षां झाली, कसलोच वास येणा नाय. तो ताप इलेलो ना, तेव्हासून. डॉक्टर म्हणालो येयत, येयत. नाय इलो." खोक्याची चिकटपट्टी ते नखाने दाबत होते. "वाइंडिंगवाल्याक नाक नाय, तर गाळो कशाक ठेवचो?"

मी म्हटलं, "मला सांगायचं ना."

"तुका शिकवलंय ना. आणि काय सांगाचा?"

मग म्हणाले, "गेम बरो. थंय कोणाकच वास येणा नाय. सगळे सारके."

साकीनाका आलं. दारं उघडली, मिटली. काकांनी मान वळवून गाळ्याच्या बाजूला बघितलं नाही. घरी पोचल्यावर त्यांनी कार्ड बसवलं, आणि रात्रीच्या जेवणाआधी भिंतीपलीकडून वळणावरचा हॉर्न ऐकू आला.

मला झोप लागेना. करपलेलं दूध आठवत होतं. आणि त्यामागोमाग गॅस.

रविवारी सकाळी पावणेसातला मी त्यांची बेल वाजवली. "काय गो, इतक्या सकाळी?" त्यांनी विचारलं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर दूध होतं. शेजारी ती वाटी आणि दाढीचा ब्रश. सिलिंडरच्या रेग्युलेटरवर आणि रबरी नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा ताजा फेस लावलेला होता. गॅस गळत असेल तर फेसाला फुगे येतात, ते डोळ्यांना दिसतात. फुगा एकही नव्हता.

तीन वर्षं मी तो ब्रश दाढीचा समजत होते.

दूध वर येत होतं. मी गॅस बंद केला आणि बाहेर आले. काका पुन्हा ट्रकवर बसले होते. रस्ता अगदी डोंगरापर्यंत तयार होता, शेवटच्या झाडासकट. मी त्यांच्या मागच्या खुर्चीत बसले आणि सांगायला लागले, "जिन्यात फिनेल. समोरच्यांकडे धूप. तुमच्याकडे खोबरेल तेल आणि दूध, लागलेलं नाही. कार्ड गरम झालंय, पण जळका वास नाही. खालच्या मजल्यावर सुकं भाजतायत."

"जवळो काय बोंबील?"

"जवळा."

"कांदो घातलोहा?"

"ते काही कळत नाही बाई एवढ्या लांबून."

काकांनी इंडिकेटर दिला, ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक लावला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"नीट बघून सांग."

मी उठले, दार उघडलं आणि जिन्याच्या कठड्यावरून वाकून नीट वास घेतला.