कोपरा उडालेला पाट

बाळांनो, मांडी घालून बसा आणि चुळबुळ बंद करा. आजची गोष्ट जंगलातली आहे. कुठलं जंगल, ते विचारायचं नाही. जिथं वाघाचं राज्य आहे आणि लहानथोर सगळे कबड्डीपायी वेडे झालेत, असं कुठलंही जंगल धरा.

त्या जंगलात जांभूळटेकडीची तालीम फार नावाजलेली होती. तिचे गुरुजी होते हसमुखराव तरस. ते सदा हसत. संघ जिंकला तरी हसत, हरला तरी हसत, आणि कुणाला तालमीतून काढायचं असलं की फारच गोड हसत.

वाघोबा महाराजांचा नियम होता की एका तालमीत जेवणाचे पाट बाराच. ज्याला पाट, त्याला दोन वेळचं पोटभर जेवण, मैदानात जागा आणि जंगलात मान. ज्याला पाट नाही, तो तालमीचा नाही. आणखी एक नियम होता. एकदा एका तालमीच्या पाटावर बसलं की वर्षभर दुसऱ्या तालमीत पाऊल ठेवायचं नाही. हा नियम खेळाडूंसाठी होता. गुरुजींसाठी कोणता नियम होता? बाळांनो, मोठ्यांना असले प्रश्न विचारू नयेत.

तर या तालमीत दणकोबा नावाचा रानडुक्कर होता. गडी एक नंबरचा. समोरचा चढाईला आला की हा त्याचा पाय असा धरायचा की त्याला आजोबा आठवायचे. त्याच्या पाटाचा एक कोपरा उडालेला होता. पहिल्या दिवशी आनंदाच्या भरात तो धपकन बसला, तेव्हाचा तो कोपरा. तेव्हापासून कितीतरी हंगाम दणकोबा त्याच पाटावर जेवला. जेवण झालं की पाट पुसून भिंतीला टेकवून ठेवायचा. गुरुजी म्हणायचे, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." ते ऐकून दणकोबाच्या डोळ्यांत दरवेळी पाणी यायचं.

एका वर्षी दोन म्हातारे खेळाडू घरी जाणार होते. म्हणजे दोन पाट रिकामे होणार होते. गुरुजी नवी पोरं शोधायला निघाले.

पोर घ्यायची रीत अशी. गुरुजींनी पोराच्या दारात जायचं, आईसमोर पाट मांडायचा, पोराला त्यावर बसवायचं, कपाळाला टिळा लावायचा आणि म्हणायचं, "आजपासून हा पाट तुझा." मग त्या पोरानं दुसऱ्या कुठल्याही तालमीकडे ढुंकूनसुद्धा बघायचं नाही.

"दणकोबा, तुझाच पाट घेऊ या बरोबर," गुरुजी म्हणाले. "पोरांना तुझा गुण लागेल."

दणकोबाची छाती फुगली. त्यानं आपला पाट आपल्याच पाठीवर घेतला आणि गुरुजींच्या मागं चालू लागला.

साळिंदराच्या दारी पाट मांडला. टिळा लावला. पाट उचलला. सशाच्या दारी मांडला. माकडाच्या दारी मांडला. असं करत सहावं दार आलं ते येसूबाई मुंगशिणीचं. तिचा थोरला, झपाट्या, नावासारखाच होता. नदीकाठच्या पाणमांजरांच्या तालमीनं त्याला आदल्याच दिवशी बोलावणं धाडलं होतं.

येसूबाईनं गुरुजींचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि मग दणकोबाकडे वळून म्हणाली, "भाऊ, नदीवाल्यांची तालीम लहान हाय, पण जागा खरी हाय. तुमच्याकडं पाट नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय!" दणकोबा म्हणाला. "हा काय तुमच्या डोळ्यासमोर. खुद्द माझा आहे."

"मग तुमच्या शब्दावर धाडते पोराला," येसूबाई म्हणाली.

दणकोबानं हिशेब केला नाही. कुटुंबात कुणी हिशेब करतं का, बाळांनो?

हंगामाच्या पहिल्या दिवशी पंगत मांडली. दणकोबा आपल्या पाटावर बसून भाताची वाट बघत होता. तेवढ्यात सहाही पोरं धावत आली आणि त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली. दणकोबाला वाटलं, किती माया लावतात ही पोरं!

"काका, उठा," साळिंदर म्हणालं. "हा पाट माझा."

"तुझा कसा? माझा!" ससा म्हणाला. "बघ, कोपरा उडालाय. याच पाटावर मला टिळा लावला."

"मला पण यावरच लावला," झपाट्या म्हणाला आणि दणकोबाच्या तोंडाकडे बघत राहिला.

भात वाढणारा थांबला. दणकोबा त्या उडालेल्या कोपऱ्याकडे बघायला लागला. एवढे दिवस पाठीवर वाहिलेलं ओझं त्याला आत्ता कुठं जाणवलं.

गुरुजी हसत हसत आले. "वा! ही चुरस मला हवीच होती," ते म्हणाले. "कुणाला शब्द दिलाय, कुणाला नाही, हे बघत बसलो तर संघ कसा घडणार? जो चमकेल त्याला पाट. बाकीच्यांनी मैदानाकडेच्या चिंचेखाली बसावं. तेही मानाचंच आहे. आणि दणकोबा, जरा वैद्यांना भेटून ये."

तालमीचे वैद्य होते बगळोपंत. ते एका पायावर उभे राहून दुसऱ्यांचे पाय तपासत.

"दणकोबा, तुझा गुडघा दुखतोय," पंत म्हणाले.

"नाही हो पंत."

"कुठला नाही?"

"कुठलाच नाही."

"म्हणजे दोन्ही. दुखूनही कळत नाही, हे फार वाईट लक्षण. खेळ बंद. आणि जो खेळत नाही त्याला पाट नाही. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. गुरुजी कानाशी लागून म्हणाले, "जरा लंगडत जा रे, मंडळी बघतायत." गुरुजींचा शब्द दणकोबानं कधी मोडला नव्हता. तो फाटकापर्यंत डाव्या पायानं लंगडला आणि फाटकाबाहेर उजव्या. कुणाच्या लक्षात आलं नाही.

वर्षभर दुसरीकडे जाता येत नव्हतं. गुरुजींनी त्याच्यावर उपकार केले. "पाट वाहायला कुणीतरी लागतंच," ते म्हणाले. "पंगत उठली की उरलंसुरलं तू खा. शेवटी तू आपल्याच कुटुंबातला."

सहा पोरांपैकी तिघांना पाट मिळाले. झपाट्याला नाही मिळाला. तो चिंचेखाली बसून कच्च्या चिंचा खायचा, आणि दात आंबले की बसल्या बसल्या मैदानाकडे बघायचा. दणकोबा दिसला की विचारायचा, "काका, माझा नंबर कधी?"

दणकोबाला शरम वाटायची. गुडघा त्याचा खरंच दुखत नव्हता, पण त्या चिंचेवरून जायचं म्हटलं की पाय उचलत नसे. शेवटी शेवटी तो लांबच्या वाटेनं जायला लागला.

पुढचा हंगाम जवळ आला. गुरुजी पुन्हा पोरं शोधायला निघाले, दणकोबा तोच पाट घेऊन मागं. आणि पहिलंच दार कुणाचं? येसूबाईचं! गुरुजींचं धाडस बघा. तिच्या धाकट्याची कीर्ती कानावर आली होती.

"बाई, थोरल्याचं यंदा होणारच आहे," गुरुजी हसून म्हणाले. "धाकट्यालाही द्या. भावाभावांची जोडी! दणकोबा, मांड पाट."

दणकोबानं पाट मांडला. धाकटं पोर लाजत पुढं आलं. येसूबाईनं गुरुजींकडे पाहिलंच नाही.

"दणकोभाऊ," ती म्हणाली, "मागल्या वक्ताला तुमच्या शब्दावर थोरला दिला. आता बी तुम्हीच सांगा. हा पाट रिकामा हाय का?"

या वेळी दणकोबानं हिशेब केला. होय म्हटलं तर आणखी एक पोर चिंचेखाली. नाही म्हटलं तर उरलंसुरलं जेवणही गेलं. त्यानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी फारच गोड हसत होते.

मग दणकोबा चालत पुढं गेला. लंगडायचं तो विसरूनच गेला. पाटाशी आला, वळला आणि पहिल्या दिवशी बसला होता तसा धपकन त्यावर बसला. दुसराही कोपरा उडाला.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "हा पाट माझा आहे. रिकामा कधीच नव्हता. पोराला नदीवर धाडा, आणि थोरल्याला चिंचेखालून घेऊन या. चुकलो मी."

येसूबाईनं धाकट्याला मागं ओढलं. गुरुजींनी दणकोबाला दोन वेळा ऊठ म्हणून सांगितलं, पण रानडुक्कर एकदा बसला की तरसाला थोडाच उचलवतो! गुरुजी एकटेच परतले, रिकाम्या हातानं. वाटेत ते पहिल्यांदाच हसत नव्हते.

पण काळजी करू नका, बाळांनो. गुरुजी हुशार होते. महिन्याभरात त्यांनी एक नवाकोरा पाट करवून घेतला आणि तो वाहायला एक गाढव ठेवलं. त्या वर्षी त्यांनी नऊ दारांत टिळे लावले, आणि उत्तम गुरू म्हणून वाघोबा महाराजांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला.

तात्पर्य: एकच पाट दहा जणांना खुशाल द्यावा. फक्त तो वाहायला, त्यावर कधी जेवलेला गडी ठेवू नये.